माडीवरचं बंगळूर

भालकीकडच्या आमच्या घराला एक माडी आहे. तिथे पूर्वी तुरीचे कट्टे, लग्नकार्याची मोठी पातेली आणि भावाभावांचे काही जुने रुसवे ठेवलेले असत. 2020च्या मार्चात देशातला करोनाचा पहिला मृत्यू शेजारच्या कलबुर्गीत झाला, पाठोपाठ सगळंच बंद होत गेलं, आणि बंगळूरला नोकरी करणारा पुतण्या लॅपटॉप काखोटीला मारून घरी आला. तुरी खाली उतरल्या, पुतण्या वर चढला. साथ सरली तरी तो वरच आहे. सातशे किलोमीटरवरचं बंगळूर आता आमच्या घरात जिना चढून गेलं की लागतं.

खाली उजाडतं ते दूधवाल्याच्या हाकेनं, वर उजाडतं ते साडेनऊच्या मीटिंगनं. बंगळुरी कानडी तो मीटिंगपुरती बोलतो. अर्ध्या जिन्यात ती आमच्याकडची रांगडी कानडी होते, शेवटच्या पायरीवर मराठी, आणि दारात भाजीवाला उभा असला तर दखनी. एवढा मुलूख दिवसातून कितीदा तुडवूनही त्याचं वजन वाढतंच आहे, ही वहिनींच्या हातची करामत.

गावानं मात्र त्याच्या नोकरीला अजून काम म्हणून मान्यता दिलेली नाही. शेजारची आक्का अधूनमधून ओट्यावरून विचारते, "काय करलालास रे दिवसभर?" तो म्हणतो, "काम करलालोय की." आक्का त्याचे हात बघते आणि गप्प बसते. तिचंही चुकत नाही. काम करून आलेल्या माणसाच्या अंगाला काहीतरी लागलेलं असतं: माती, ग्रीस, खडू, गेलाबाजार बसमधली धूळ. याच्या अंगाला काहीच नाही. म्हणून मग "मोकळाच आहेस तर" या प्रस्तावनेनं गाव त्याला कामाला लावतं. कुणाला पहाणीचा उतारा काढून हवा असतो, कुणाला पीकविम्याचा अर्ज भरून. दुपारी तो परदेशातल्या कुणा गिऱ्हाइकाच्या अडचणी सोडवतो आणि संध्याकाळी आधार कार्डावरच्या नावातला काना. दुसरं काम जास्त अवघड आहे, असं त्याचं मत पडलं.

तसं पाहिलं तर राजधानी लांब असण्याची आमच्या बीदर जिल्ह्याला सवयच आहे. 1956पर्यंत ती हैदराबादेत होती, नंतर बंगळूरला गेली. पण पंधराव्या शतकात ती चक्क बीदरलाच होती, आणि इराणातल्या गिलानहून व्यापारी म्हणून आलेला महमूद गावान इथे बहामनी सुलतानांचा वजीर झाला होता. त्याचा 1472चा मदरसा पडक्या अवस्थेतही मान वर करून उभा आहे. हा गृहस्थ इथे बसून इराण-तुर्कस्तानापर्यंतच्या सुलतानांशी आणि पंडितांशी पत्रव्यवहार करी. त्या फार्सी पत्रांचा 'रियाज-उल-इन्शा' हा संग्रह आजही अभ्यासला जातो. उत्तर यायला किती महिने लागत असतील! आमचा पुतण्या दहा मिनिटांत उत्तर आलं नाही तर नखं खातो. गावानाचा घात मात्र अगदी आजच्या तऱ्हेनं झाला. त्याचा शिक्का सांभाळणाऱ्याला शत्रूंनी लाच दिली, कोऱ्या कागदावर मोहोर उठवून घेतली आणि वर ओरिसाच्या राजाला लिहिलेलं फितुरीचं पत्र रचलं. 1481 साली सुलतानानं त्याला ठार करवलं, आणि मग पस्तावला. पुतण्याच्या कचेरीत पासवर्ड सांभाळण्याचे धडे देतात. बीदर जिल्ह्यातल्या माणसाला ते वेगळे द्यावे लागू नयेत.

अडचण पासवर्डाची नाहीच, थांबण्याची आहे. कचेरीला दार असतं, पाच वाजता शिपाई कुलूप लावतो. माडीला कोण लावणार? पडद्यावरचा 'ऑनलाइन' दाखवणारा हिरवा ठिपका नंदादीपासारखा विझू द्यायचा नसतो, असा त्याचा समज झालेला. रात्री नऊला वहिनी ज्वारीची भाकरी आणि पुंडीची भाजी घेऊन स्वतः जिना चढतात आणि ताट लॅपटॉपवरच ठेवतात. मला तेव्हा बाराव्या शतकातल्या कल्याणची लक्कम्मा आठवते. तिचा नवरा आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणायचा. एके दिवशी त्यानं गरजेपेक्षा जास्त आणले, तेव्हा तिनं ते परत करायला लावले. ते कल्याण, म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्यापासून फार लांब नाही.

आणि दादा, म्हणजे पुतण्याचे वडील. मुलगा दिवाळीला चार दिवस यायचा तेव्हा दादांना त्याच्याशी बोलायला विषय शोधावा लागे. पाऊस झाला का, हे झालं की संपलं. आता भांडायलासुद्धा सवड मिळते. ज्या माणसाची हाक तीन शेतं ओलांडून जायची, तो मीटिंग चालू असली की जिन्याखाली खोकला गिळून उभा राहतो. वर काय चाललंय ते त्यांना कळत नाही, पण चाललेलं मोडू नये एवढं कळतं.

एका येळवशीला मात्र रजा मिळाली नाही. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे शिवारात. पुतण्या लॅपटॉपसह शेतात आला आणि विहिरीच्या कडेला रेंज मिळाली तिथे बसला. साहेबानं कॅमेरा लावायला सांगितला. मागे कडब्याची कोप, चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, डोक्यावर आंबिलाची बिंदगी घेऊन येणाऱ्या वहिनी. हे काय, असं साहेबानं विचारायच्या आत विजयपूरकडचा एक मुलगा बंगळूरच्या भाड्याच्या खोलीतून म्हणाला, "आज आमच्याकडे चरग." त्यांच्याकडची येळवस ती. पुढे तो काहीच बोलला नाही. साहेबानं मीटिंग लवकर आटोपली.

म्हणून बंगळूर-पुण्याच्या साहेबलोकांना एक विनंती. मार्गशीर्ष अमावास्या कुठल्याही कॅलेंडरात सापडते. त्या दिवशी बीदर-कलबुर्गीच्या पोरांची मीटिंग ठेवू नका. ठेवलीच तर निदान जेवणाच्या आधी ठेवा. भज्जी, उंडे आणि आंबील पोटात गेल्यावर माणूस कोपीच्या सावलीत आडवा होतो, आणि त्याला उठवायला आमच्याकडचं कुणी जाणार नाही.