पहिली लिंक, दुसरा ओटीपी

ऑनलाइन शोधताना पुरुष पहिली लिंक दाबून मोकळे होतात, बायका सगळं वाचून मग ठरवतात म्हणे. पुरुष ठळक खूण पकडतो, बाई बारीकसारीक तपशील जुळवते, ही मांडणी अमेरिकेच्या जोन मेयर्स-लेव्ही यांची, 1989 सालची. तेव्हा गूगलचा जन्मही झाला नव्हता. पण सिद्धान्ताला स्थळकाळ कुठे असतो?

चला, भंडाऱ्यात तपासू.

धानावर तुडतुडा पडला. घरधनी पहिला व्हिडिओ बघतो, औषधाचं नाव पाठ करतो आणि कृषी केंद्राकडे गाडी काढतो. बायको मागून विचारते, "बांधीतलं पाणी काढायचं का, ते सांगितलं का त्यात? फवारा पानावर मारायचा की बुडाशी?" रोवणी तिनं केलेली. तुडतुडा बुडाशी बसतो, हे तिनं वाकून पाहिलेलं.

याला मेंदूतला फरक म्हणायचं की कमरेतला?

धानाच्या बोनसचंही तेच. 2024-25 च्या हंगामात तो हेक्टरी 20 हजार होता, मर्यादा दोन हेक्टर. त्याला '20 हजार' दिसतात आणि तो लगेच चार ग्रुपवर पाठवतो. तिला 'हेक्टरी' दिसतं. आपली जमीन किती आणि दुकानदाराची उधारी किती, हे घरात एकालाच माहीत असतं. एकीलाच, म्हणा.

बायका सगळं वाचतात, मान्य. पण कशावर? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 61.5 टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं, बायकांपैकी 38 टक्क्यांनी. शंभरातल्या उरलेल्या बासष्ट जणींचा मेंदू ऑनलाइन माहिती कशी हाताळतो, यावरही येऊ द्या एखादा प्रबंध.

ज्यांच्या हाती फोन आला, त्यांची गोष्ट आणखी मजेशीर. राज्य सरकारच्या 'लाडकी बहीण' योजनेतल्या 1500 रुपयांसाठी 2025 मध्ये ई-केवायसी आलं. आधी तिचा आधार, तिचा ओटीपी. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, त्यांचा ओटीपी. नवरा परगावी कामावर, फोन बंद. बसा आता तपशील जुळवत.

बहीण सरकारची, ओटीपी दाजींचा!

ज्यांना नवरा नाही, वडीलही नाहीत, त्यांनी काय करायचं? हे सरकारला मागाहून सुचलं. पहिली लिंक दाबून मोकळं होणं यालाच म्हणतात.

तरी पुरुष काहीच पूर्ण वाचत नाही, हा आरोप खोटा आहे.

वाचतो की. बायकोच्या फोनमधलं व्हॉट्सअ‍ॅप. तारीखवार.