हात गुंतलेले असताना

सुचण्याची एक वाईट खोड आहे. हात मोकळे असले की ते फिरकत नाही. रविवारची दुपार आहे, टेबल पुसून ठेवलंय, चहा हाताशी आहे, ‘जरा लिहायचंय’ असं घरात बजावून झालंय. आणि सुचतं काय, तर सिलिंडर संपत आलंय. त्यातून जळगावचा मे महिना असला, की पारा ४५ अंशांना टेकलेला असतो आणि माणसाची सगळी प्रतिभा कूलरमध्ये पाणी ओतण्यातच खर्च होते. पण तीच बादली दोन्ही हातांनी उचलून दारातून वाकडं होत आत येताना, नेमकं तेव्हाच, एक ओळ अशी लख्ख उभी राहते की बादली टाकावी की ओळ, कळत नाही.

बहिणाबाईंना हा प्रश्न पडला नसावा. आसोद्याची लेक, जळगावची सून. हातात कधी जात्याचा खुंटा, कधी विळा, कधी चुलीतलं लाकूड. अक्षरओळख नव्हती, म्हणून सुचलेलं गळ्यावाटे थेट बाहेर. मला तर वाटतं, लिहिता येत असतं आणि ओवी सुचल्याबरोबर त्या वही शोधायला उठल्या असत्या, तर ओवीही गेली असती आणि दळणही राहिलं असतं. मुलगा सोपानदेव स्वतः कवी; त्यांनी आणि मावसभाऊ पितांबर चौधरींनी कानावर पडेल ते उतरवून घेतलं. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. पुढे ती वही आचार्य अत्र्यांपुढे आली, आणि अत्रे काही गप्प बसणारे नव्हते. १९५२ मध्ये पुस्तक निघालं. ज्यांनी शाळा पाहिली नाही त्यांच्याच नावाच्या विद्यापीठाच्या पदव्या आता जळगावात वाटल्या जातात. पण ज्या ओवीच्या वेळी आसपास कोणी लिहिणारं नव्हतं, ती पिठाबरोबर गेली. अशा किती गेल्या असतील, या हिशेबात शिरू नये. रात्री झोप लागत नाही.

एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, ही वाटणी धुळ्याच्या तुरुंगात आणखी पद्धतशीर झाली. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, रविवारमागून रविवार, अठरा अध्यायांवर विनोबांची अठरा प्रवचनं. विनोबा बोलत आणि साने गुरुजी लिहून घेत. ‘गीता प्रवचने’ आपल्याला मिळाली ती अशी. लिहून घेणाऱ्याचे हाल कोणी विचारत नाही. बोलणारा तंद्रीत असतो, त्याला मध्येच ‘जरा थांबा’ म्हणायची सोय नसते, आणि ‘वा!’ म्हणण्याइतकीही उसंत मिळत नाही. तरी त्या मेहनतीने हात चांगलाच सुटला असणार, कारण पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहून काढली. लेखकाला निवांतपणा हवा म्हणतात, तो सरकारने असा फुकट पुरवला. अर्थात ही सोय मागून घ्यावी अशी नाही.

आपल्यासारख्यांना मात्र सोपानदेवही आपणच आणि बहिणाबाईही आपणच. मग जमायचं कसं? चाळीसगावच्या केकी मूस यांनी यावर एक टोकाचा उपाय काढला होता. स्टेशनाजवळच्या आपल्या बंगल्यात हा माणूस वर्षानुवर्षं जवळजवळ दाराबाहेर न पडता राहिला आणि हात म्हणून मोकळे ठेवलेच नाहीत. छायाचित्रं, चित्रं, शिल्पं, लाकडावरचं कोरीवकाम. टेबलावर चार वस्तू मांडून, त्यांवर उजेड असा पाडायचा की फोटोत अख्खा देखावा उभा राहावा. बाहेरून मुंबईच्या गाड्या धडधडत जात आणि हे आत टेबलावर क्षितिज तयार करत बसलेले. हेवा वाटतो, पण आमच्याकडे तेवढा बंगला नाही आणि टेबलावर मेथी निवडायला ठेवलेली असते.

मोबाइलने प्रश्न सुटेल असं वाटलं होतं. सुचलं की बटण दाबायचं आणि बोलायचं. माझ्या फोनमध्ये अशा बऱ्याच ओळी आहेत. ऐकल्या तर पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी आणि मधूनमधून एक माणूस महत्त्वाचं काहीतरी पुटपुटतोय, एवढंच कळतं. यंत्र सगळं टिपतं, अगदी शिट्टीसुद्धा. पण यातली ओवी कुठली आणि शिट्टी कुठली, हे ओळखणारा कान त्याला नाही. सोपानदेवांना तो होता.

गेल्या थंडीत एका मळ्यात भरीत-पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झालेली, मी बडगीत मिरच्या ठेचायला बसलेलो, दोन्ही हात तिखटाने माखलेले. आणि आली. पुरी दीड ओळ, तीही यमकासकट. मी ठेचायचा थांबून शेजारच्या नानांना म्हटलं, “नाना, जरा खिशातून माझा पेन काढा, एक ओळ लिहून घ्या.”

नानांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बडगीकडे.

“काय करून राहिला भाऊ? लोक पुऱ्या घेऊन बसले ना. मिरच्या ठेच पहिले.”