थांबा, आहे माझ्याकडे!

“कुणाकडे कात्री आहे का हो?” असा प्रश्न चारचौघांत टाकून बघा. मंगल कार्यालय असो, एसटी असो, नाहीतर दहाव्याचा घाट असो. बाकीचे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, दोघंचौघं उगीच खिसे चाचपतात, आणि मागून एक गृहस्थ वाट काढत पुढे येतो. त्याचा हात आधीच खिशात गेलेला असतो. “थांबा, आहे माझ्याकडे.” या तीन शब्दांसाठी तो आयुष्यभर विजारीचे खिसे फाडून घेत आलेला असतो.

हा माणूस दर सोसायटीत एक तरी असतो. दोन असले तर त्यांचं आपसात पटत नाही. आमच्या सोसायटीत त्यांना अवजारकाका म्हणतात. पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर टूलरूम कंपनीत राहिली आणि सवय घरी आली. सकाळी फिरायला निघताना लोक मोबाइल आणि किल्ल्या घेतात, काका सामान भरतात. उजव्या खिशात लाल मुठीचा स्विस चाकू. पट्ट्याला कातडी पाकिटात मल्टिटूल, म्हणजे ज्यातून पकड निघते तो. किल्ल्यांच्या जुडग्याला नेलकटर आणि बोटाएवढा टॉर्च. शर्टाच्या खिशात पेन एखादे दिवशी नसेल, पण लाइन टेस्टर असायचाच. पैशांच्या पाकिटात नोटांमागे सुई-दोरा, बँडएड आणि रबरबँड. काका जिना चढताना त्यांच्या आधी त्यांचा आवाज वर पोहोचतो.

यातलं काहीही काकांच्या स्वतःच्या अडचणीसाठी नाही, हे लक्षात घ्यायला हवं. त्यांच्या घरातल्या कुकरचा कान गेली कित्येक वर्षं डुगडुगतो आहे. “घरचं काय, कधीही करता येईल,” असं त्यांचं मत. हत्यारं आहेत ती दुसऱ्याच्या पंचाइतीसाठी. कुणाच्या स्कूटरचा आरसा सैल झाला, कुणाच्या चष्म्याची काडी निखळली, कुणाच्या पोराच्या तळव्यात कूस गेलं की काकांच्या चेहऱ्यावर असं काही तेज येतं की समोरच्याला वाटावं, आपण त्यांच्यावर उपकारच केले.

तशी आपल्याकडे परंपरा मोठी आहे. जुन्या माणसांच्या चंचीत अडकित्ता असायचा, आणि सुपारी कातरण्यापलीकडेही त्याला बरीच कामं असत. कोकणात बागेत जाणारा गडी अजूनही कमरेच्या आकडीला कोयता अडकवूनच निघतो. पण या मंडळींना निवड करावी लागत नव्हती. गावचा लोहार जे देईल ते पत्करायचं आणि धार गेली की पुन्हा त्याच्याकडे जायचं. निवडीचा ताप हा पुढच्या पिढ्यांच्या नशिबी आला.

काकांची निवड बघण्यासारखी असते. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईला गेले तर नागदेवी स्ट्रीटवर ते दुकानदारासमोर उभे राहतात. चाकू हातात घेतात, पण उघडत नाहीत. आधी तळहातावर ठेवून वजन अजमावतात. मग अंगठ्याचं नख पात्याच्या खाचेत घालून सावकाश उघडतात आणि कान जवळ नेतात. उघडताना “खट्” आणि मिटताना “टक्” असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. मग पातं चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवून बघतात, खेळ किती आहे म्हणून. मग वर्तमानपत्राची पट्टी हवेत धरून कापतात. शेवटची परीक्षा घरी. डाव्या मनगटाच्या वर पातं अलगद फिरवून तिथले केस उतरतात का ते बघतात. काकांच्या डाव्या हातावर चार बोटं रुंदीचा एक तुळतुळीत पट्टा कायम असतो. तो ताजा दिसला की काकू न विचारता ओळखतात, नवीन काहीतरी घरात आलंय. मग फक्त किंमत विचारायची राहते. काका ती निम्मी करून सांगतात, हे काकूंना ठाऊक असतं. काकू दुप्पट करून घेतात.

स्विस चाकूवर काका बोलायला लागले की चहा दोनदा होतो. कार्ल एल्सेनर नावाच्या कारागिराने स्वित्झर्लंडमधल्या ईबाख गावी १८८४ मध्ये आपलं दुकान थाटलं आणि १८९१ मध्ये स्विस लष्कराला शिपायांचे चाकू पुरवले. त्यात एक पातं, डबा फोडायची उघडणी, एक टोचा आणि एक स्क्रू ड्रायव्हर. स्क्रू ड्रायव्हर का, तर लष्कराची नवी रायफल खोलायला तो लागायचा. पुढे १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी म्हणून नाजूक, हलका चाकू निघाला. त्यात आणखी एक छोटं पातं आलं आणि बाटलीचं बूच काढायचा कॉर्कस्क्रू आला. शिपायाने बंदूक खोलायची आणि अधिकाऱ्याने बाटली, ही वाटणी तिथेही होती तर! लष्कराने मात्र तो अधिकाऱ्यांना वाटला नाही, त्यांना तो पदरचे पैसे घालून घ्यावा लागला. एल्सेनरच्या आईचं नाव व्हिक्टोरिया. ती १९०९ मध्ये गेल्यावर त्याने मालाला तिचं नाव दिलं. गंज न धरणाऱ्या पोलादाचं ‘इनॉक्स’ त्याला १९२१ मध्ये जोडलं गेलं आणि व्हिक्टोरिनॉक्स झालं. आईचं नाव काढलं ते असं, हे काका दर वेळी स्वतःच्या मुलाकडे बघून म्हणतात.

आता काका माळकरी. गळ्यात तुळशीची माळ आणि खिशात बूच काढायचं हत्यार, यावरून त्यांची पुष्कळ थट्टा झाली. ती कायमची थांबली एका लग्नात.

मुहूर्ताला पाव तास होता. वरपक्षाच्या खोलीत एकदम शांतता पसरली. नवरदेवाच्या चुडीदाराच्या नाडीला निरगाठ बसली होती आणि नवरदेवाला जायचं होतं. त्याच्या एका हातात कट्यार, तिच्या टोकाला लिंबू खोचलेलं. चार माणसांच्या देखत हत्यार हातात असून एवढं निरुपयोगी ठरलेलं मी दुसरं पाहिलं नाही. धाकट्या भावाने नखं मोडून घेतली होती. दात लावायला कुणी तयार होईना. मामा म्हणाले, कापून टाका. पण दुसरी नाडी कुठून आणणार? तेवढ्यात दारातून आवाज आला, “थांबा, आहे माझ्याकडे.” काकांनी लाल चाकू काढला तसा नवरदेव दोन पावलं मागे सरकला. काकांनी पात्याला हातही लावला नाही. उलट्या बाजूने कॉर्कस्क्रू उघडला, त्याचं टोक गाठीच्या पोटात घातलं, अर्धा वेढा फिरवला आणि हलकेच वर उचललं. गाठ सैल झाली. “हे ऑफिसरांचं मॉडेल आहे बरं का,” काका सांगू लागले, “अठराशे सत्त्याण्णव साली—” “काका, नंतर!” असं ओरडून नवरदेव कट्यारीसकट धावला.

त्या कॉर्कस्क्रूच्या वेढ्यांत आणखी एक इटुकला स्क्रू ड्रायव्हर पिळून बसवता येतो, तो चष्म्यासाठी. मुठीत एक चिमटा खोचलेला असतो आणि एक दात कोरायची काडी. पाठीमागच्या आकड्याचं काम काय ते बहुतेकांना कळत नाही. सुतळीने बांधलेला पुडा त्यात अडकवून न्यायचा, म्हणजे सुतळी बोटांना काचत नाही. काकांना हा आकडा फार आवडतो. अडचण एवढीच की मिठाईवाल्यांनी सुतळी बांधायची सोडली आणि कापडी पिशवी आली.

बाकीच्या हत्यारांच्या बाबतीत अनुभव संमिश्र आहे. मल्टिटूलची कथा काका मोठ्या प्रेमाने सांगतात. टिम लेदरमन नावाचा अमेरिकन १९७५ मध्ये बायकोबरोबर जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता, गाडी सारखी रुसत होती आणि खिशातल्या चाकूला पकड नाही म्हणून तो वैतागला. पकड असलेला चाकू बाजारात यायला १९८३ उजाडलं. आठ वर्षं त्या माणसाच्या बायकोने काय ऐकलं असेल, हा काकूंचा प्रश्न. फ्रान्समधला ओपिनेल काकांनी हौसेने मागवला. लाकडी मूठ, कार्बन स्टीलचं पातं, ८ नंबर. दिसायला देखणा, धारेला जबर. पण कैरी चिरली की पातं काळं पडायचं आणि जुलै लागला की मूठ पाणी पिऊन अशी फुगायची की पातं बाहेर यायलाच तयार नाही. त्यावर फ्रेंच तोड अशी की मुठीचा बुडखा टणक जागी आपटायचा, म्हणजे पातं डोकं वर काढतं. काका पावसाळाभर कठड्यावर मूठ आपटत असत. खालच्या मजल्यावरून तक्रार आली.

वेंगुर्ल्याला गेलो तेव्हाची गोष्ट. शहाळी समोर ठेवलेली, गडी कोयता आणायला गेलेला. काकांना धीर निघेना. त्यांनी स्विस चाकूची करवत काढली. बरीच करकर झाली. मग टोचा लावला. या चाकूच्या पात्याला अडसर नसतो. जोर लावताना ते मिटून बोटावर येऊ शकतं, म्हणून टोचताना पात्याऐवजी टोचाच वापरावा, हे आम्हाला समजावता समजावता काकांच्या कपाळावर घाम आला. तोवर गडी आला. तीन घावांत त्याने शहाळं उघडून काकांच्या हातात दिलं, लाल चाकू उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, “ह्या कित्याक, काकानू?” काका पाणी प्यायले.

कायदा मात्र काकांना मुखोद्गत. आपल्या शस्त्र नियमांत नऊ इंच लांब आणि दोन इंच रुंद ही पात्याची मर्यादा आहे, घरकामाच्या आणि शेतीच्या सुऱ्या त्यातून वगळल्या आहेत. मुलीकडे इंग्लंडला जायचं ठरलं तेव्हा व्हिसाच्या आधी त्यांनी तिथला नियम वाचला. तीन इंचांपर्यंतचा मिटणारा, अडसर नसलेला चाकू तिथे विनाकारणही जवळ बाळगता येतो. अडसराचा ओपिनेल घरी राहिला. एवढा अभ्यास करून विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभे राहिल्यावर त्यांना आठवलं, की चाकू बॅगेत टाकायचा राहिला आणि बॅग तर आत गेली. केबिनमध्ये चाकू चालत नाही, मग तो स्विस असो वा घरचा. सोडायला आलेला मुलगा अर्ध्या वाटेवरून परत आला, चाकू ताब्यात घेतला आणि काही न बोलता पुन्हा घरी गेला.

नव्या पिढीत हा छंद ‘ईडीसी’, म्हणजे ‘एव्हरीडे कॅरी’, या नावाने आलाय. हिंजवडीत नोकरी करणारा आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा खिशातलं सगळं टेबलावर नीट मांडून फोटो काढतो. टायटॅनियमची मूठ, पोलादाला नाव आणि नंबर, कठीणपणा रॉकवेलमध्ये पाठ. त्याच्या चाकूने आजवर कुरियरची खोकी कापली आणि त्यांतून दुसरे चाकू निघाले. काकांना तो आवडतो, पण त्याच्या चाकूवर आंब्याचा डाग नाही, हे त्यांना खटकतं.

खंडेनवमीला काका सगळी हत्यारं पाटावर मांडतात. पुसलेली, एकेक थेंब तेल दिलेली. झेंडूचं फूल प्रत्येकाला, नेलकटरलासुद्धा. शेवटी काकू स्वयंपाकघरातून विळी आणून शेजारी ठेवतात. हळदीकुंकू झालं की पाटावरून सर्वांत आधी ती उठते, कारण कोशिंबीर व्हायची असते.

काकूंचं सामान कुणी मोजत नाही. बांगडीला अडकवलेल्या चार सेफ्टी पिना आणि अंबाड्यातला आकडा, एवढंच. चपलेचा अंगठा तुटला, पर्सची चेन उसवली, नातीच्या परकराचा हूक तुटला, तर काका कोणतं पातं उघडावं याचा विचार करत असतात आणि काकूंचं काम उरकलेलं असतं.

इतकी वर्षं शेजारी राहून माझं मत झालंय ते सांगतो. घ्यायचाच असेल तर तीस-पस्तीस हत्यारांच्या चाकूच्या नादी लागू नका. दोनशे ग्रॅमला थोडा कमी असा तो खिसा ओढतो आणि घरी राहतो. बोटाएवढा, वीसेक ग्रॅमचा, पातं, कात्री आणि चिमटा असलेला पुरे. त्यातही सर्वांत जास्त चिमटाच लागेल, पातं नव्हे. विमानाला जाताना तो आदल्या रात्रीच मोठ्या बॅगेत टाका. कोणता घ्यावा हे काकांना जरूर विचारा, पण जेवून जा, पोलादाचं प्रकरण तासाभरात संपत नाही. आणि पिन हवी असेल तर सरळ काकूंकडे जा.