पॉडबाबा

शिकवायची खाज असलेल्या माणसाने न शिकवण्याचं व्रत घेतलं तर त्याचे काय हाल होतात, हे ज्याला पाहायचं असेल त्याने आमच्या सोसायटीत यावं. बी विंग, तिसरा मजला. दारावर नावाची पाटी आहे, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारत नाही. वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे पॉडबाबाच म्हणतात. त्यांनी आपली दोन्ही मुलं शाळेतून काढली. त्यांचं पाहून बावधन-पाषाण भागातल्या आणखी चार घरांनी काढली. अशी सात मुलं रोज सकाळी नऊ ते एक आमच्या क्लब हाउसात जमतात आणि जे काही करतात त्याला ‘लर्निंग पॉड’ म्हणायचं. २०२० साली कोरोनाने शाळांना कुलुपं लावली तेव्हा अमेरिकेत हा शब्द बोकाळला. पाच-सहा घरांनी मिळून आपापली मुलं एकत्र शिकवायची, एवढाच तेव्हा त्याचा अर्थ. पुढे कुलुपं निघाली, तिकडची बरीचशी मुलं मुकाट शाळेत परतली. आमच्याकडचा पॉड राहिला.

पॉडबाबा हाडाचे मास्तर. वय चाळिशीचं, नोकरी संगणकाची, काम घरून. लिफ्टची वाट बघत उभे असले की शेजारच्याला सांगणार, केबिन वर येते तेव्हा पलीकडून साधारण तेवढंच वजन खाली जात असतं, म्हणून तर मोटरला फार जोर करावा लागत नाही. मग हवेत बोटाने कप्पी काढतील, दोर काढतील, वजन काढतील. तोवर लिफ्ट येऊन निघून गेलेली असते. अशा माणसाच्या हाती जॉन होल्ट पडला आणि इथेच घात झाला.

होल्ट हा अमेरिकेतला शाळामास्तर. मुलं नापास का होतात यावर त्याने १९६४ साली पुस्तक लिहिलं, पुढे शाळा सुधारतील ही आशाच सोडून दिली आणि १९७७ साली शाळेविना शिकणाऱ्या घरांसाठी नियतकालिक काढलं. पॉडबाबांनी त्याची पुस्तकं रेघा मारमारून वाचली आणि सगळ्याचं सार एका वाक्यात काढून फ्रिजवर चिकटवलं: मुलाने विचारल्याशिवाय शिकवायचं नाही.

आणि मुलं काही विचारत नाहीत.

मग काय करायचं? वस्तू पसरून ठेवायच्या. ही यातली मान्यताप्राप्त पद्धत आहे, मी पदरचं सांगत नाही. मुलाच्या वाटेत कुतूहल जागवणारी वस्तू सहज म्हणून ठेवायची आणि आपण बाजूला व्हायचं. पॉडबाबांनी जुन्या बाजारातून पितळी तराजू आणला, छटाकापासून शेरापर्यंत वजनं आणली, चिंचेने घासून लख्ख केली आणि दिवाणखान्यात मधोमध मांडली. मग पेपर उघडून, पेपराच्या कडेवरून, संकष्टीला चंद्राची वाट बघावी तशी चिरंजिवांची वाट बघत बसले. चिरंजीव नऊ वर्षांचे. ते आले, टीव्हीचा रिमोट शोधू लागले, तराजूखाली असेल म्हणून तराजू उचलला, नव्हता, म्हणून तराजू पुन्हा जागेवर ठेवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पारडं डोक्यावर घालून पाहिलं. तेव्हा पॉडबाबांच्या ओठांची झालेली थरथर मी स्वतः पाहिली आहे. ‘हे काय असेल रे?’ एवढंच विचारलं तर ते शिकवण्यात धरायचं का, यावर पालकांच्या सभेत पाऊण तास चर्चा झाली. धरायचं, असं ठरलं.

अडलेलं पाणी कुठूनतरी वाट काढणारच. घरात तुंबलेलं सगळं शिक्षण सोसायटीवर ओसंडतं. इस्त्रीवाल्याला वाफेने सुरकुती का जाते ते समजलेलं आहे. प्लंबर त्यांचं नाव ऐकलं की दुप्पट पैसे सांगतो. बाकी माणूस लाख मोलाचा, रात्री दोनला दवाखान्यात न्यायला गाडी काढणारा. फक्त वाटेत रक्तदाब म्हणजे काय ते ऐकायची तयारी हवी.

क्लब हाउस मिळवताना मात्र त्यांना समजावणं जमलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, “क्लास असेल तर कमर्शियल रेट.” हे म्हणाले, क्लास नाही. “मग शाळा?” शाळा तर मुळीच नाही. “संस्कारवर्ग?” छे. “अहो मग पावती कशाची फाडू? माझ्या पुस्तकात लग्न, मुंज, बारसं, वाढदिवस आणि हळदीकुंकू एवढीच खाती आहेत.” पॉडबाबांनी मुलाच्या स्वयंप्रेरणेवर पंधरा मिनिटं घेतली. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ‘वाढदिवस’ असं लिहून पावती फाडली. तेव्हापासून सोसायटीच्या दफ्तरी आमच्याकडे सुट्ट्या सोडून रोज सकाळी कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतो. ऑडिटरने अजून हरकत घेतलेली नाही.

पॉडची सकाळ सभेने सुरू होते. गोल बसायचं, मध्ये लाटणं. ज्याच्या हातात लाटणं त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. अमेरिकेत सडबरी व्हॅली म्हणून शाळा आहे, १९६८ पासूनची, तिथे चार वर्षांच्या पोराला आणि शिक्षकाला सारखंच एकेक मत असतं. ते इथे जसंच्या तसं उचललेलं आहे. एकदा मला पाहुणा म्हणून बसवलं होतं. विषय होता, या आठवड्यात अपूर्णांक पाहावेत का. लाटणं पॉडबाबांच्या सहा वर्षांच्या धाकटीकडे गेलं आणि तिने डायनासोरचा एक सिनेमा सुरुवातीपासून सांगायला घेतला. मध्यंतरापर्यंत आली तेव्हा कुणीतरी हात पुढे केला, तर तिने लाटणं मांडीखाली घातलं. लोकशाहीत याला उपाय नाही. शेवटी मतदान झालं: अपूर्णांक तहकूब, डोसे मंजूर.

पीठ पाच डोशांपुरतंच निघालं. पाच डोसे, सात मुलं! पॉडबाबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. हाकलून दिलेला अपूर्णांक आपल्या पायांनी परत येऊन ताटात बसला होता. काही बोलू नये म्हणून ते आपल्या दोन्ही हातांवर बसले. (बोलणं हातांनी सुरू होतं, हे त्यांना ठाऊक आहे.) मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातली दोघं म्हणाली, आम्हाला डोसा नको, आम्ही मॅगी करतो. पाचांना पाच मिळाले. अपूर्णांक आला तसा गेला.

या सगळ्याकडे पॉडबाबांच्या मातोश्री खुर्चीतून बघत असतात. डहाणू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांची उभी हयात गेली. त्या विरोध करत नाहीत, नुसत्या शंका विचारतात, आणि ते जास्त वाईट. “दहावीचं काय करणार म्हणे?” एनआयओएस आहे, पॉडबाबा सांगतात, केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय, १९८९ पासून आहे, चौदा पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं. “म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म,” आजी म्हणतात. सतरा नंबर राज्य मंडळाचा, हे वेगळं, हे त्यांना अनेकदा सांगून झालंय. पण नववीत गचकलेल्या तीन पिढ्यांचे सतरा नंबर त्यांनी भरलेले असल्यामुळे त्यांच्या लेखी शाळेबाहेरच्या सगळ्या वाटा त्याच फॉर्मवरून जातात. मुंबईची एक मुलगी दहावी-बारावीच्या सर्टिफिकेटाशिवाय, संगणकाच्या ऑलिंपियाडमधल्या पदकांवर २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटीत गेली, हे पॉडबाबांचं ठेवणीतलं अस्त्र. आजी त्यावर आपल्या नातवाकडे बघतात. नातू त्या वेळी पारडं डोक्यावर घेऊन जिना उतरत असतो.

एकदा मात्र आजी सविस्तर बोलल्या. “आमच्या भागात पोरं गुरं राखायला जायची, शाळेत यायची नाहीत. तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी शाळाच कुरणात नेली. १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, मग कोसबाडला. तू शाळेत बसलेली पोरं उचलून घरी आणलीस. चालायचंच.” पॉडबाबा चिडले नाहीत, उलट हरखले. ताराबाई त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर होत्या, गिजुभाई मूळचे वकील, १९२० साली त्यांनी बालमंदिर काढलं आणि लोक त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणायचे, मिशीवाली आई, हे सगळं त्यांनी आईलाच शिकवलं. त्या आठवड्यापासून त्यांनी मिशाही राखायला घेतल्या.

हे कायद्यात बसतं का, असं विचारणारा भेटला की पॉडबाबांना दिवस सार्थकी लागल्यासारखं होतं. एकदा आमच्या वॉचमनमामांनी विचारलं. झालं. २००९चा शिक्षणहक्क कायदा, सहा ते चौदा वयोगट, कलम १०: मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य, पण न घातलं तर पालकाला शिक्षा कुठेच लिहिलेली नाही! मामा परभणीकडचे. काठीवर हनुवटी टेकून सगळं ऐकलं आणि म्हणाले, “साहेब, ते खासगी शाळेत गरिबाच्या पोरांसाठी पंचवीस टक्के जागांचं ह्याच कायद्यात हाये ना? आमच्या बारक्याचा नंबर लागंल का?”

पॉडबाबांचं बोट हवेतच राहिलं. मग हळूच म्हणाले, “कलम बारा.”

पुढचा आठवडा त्यांनी त्या फॉर्मवर घालवला. एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला काढवला. रेशनकार्ड गावाकडचं, म्हणून खोलीच्या मालकाच्या मागे लागून भाडेकरार नोंदवून घेतला. नकाशावर खोलीचा ठिपका नेमका पडावा म्हणून मोबाइल धरून गल्लीत फिरले, कारण ठिपका हुकला की अंतर चुकतं आणि अंतर चुकलं की अर्ज बाद. सोडतीत बारक्याचा नंबर लागला. शाळा कुठली? पॉडबाबा जिला कारखाना म्हणतात आणि जिथून त्यांनी आपली दोन काढली, तीच. बूट-मोजे त्यांनी घेतले.

मामांची थोरली महापालिकेच्या शाळेत चौथीला. ती एका संध्याकाळी वही घेऊन गेटजवळच्या केबिनपाशी आली आणि म्हणाली, “काका, हे कसं करायचं?”

तिने विचारलं होतं. फ्रिजवरच्या वाक्याला कुठे धक्का लागत नव्हता. पॉडबाबांनी पाहुण्यांच्या रजिस्टरचं मागचं पान उघडलं आणि भाज्य, भाजक, भागाकार, बाकी अशी सुरुवात करून खडे मांडून, वजाबाकी करत आणि शेवटी ताळा करून, अशा तीन रीतींनी भागाकार करून दाखवला. मुलगी सरळ होती, ती म्हणाली, “काका, बाकी कुठं लिहायची एवढंच विचारलं होतं.” पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. आता रोज सातला केबिनपाशी पाढे, शुद्धलेखन, तोंडी हिशेब असं रीतसर चालतं. छडी तेवढी नाही. आणि पॉडबाबांचे चिरंजीवही रोज सातला खाली उतरून जवळच्या स्कूटरवर बसून असतात. का रे, म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, “इथे बाबा शिकवतात.”

परवा पॉडबाबांनी मला पॉडची नोंदवही दाखवली. प्रत्येक मुलाचं पान, आखलेले रकाने: काय आलं, कधी आलं, कसं आलं. चिरंजिवांच्या पानावर नवी नोंद होती. भागाकार, तीन अंकी, बाकीसकट. शेवटच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘कुणीही शिकवलेलं नाही. आपोआप.’