डिसेंबरचं संगीत नाटक

अमेरिकेतल्या सरकारी प्राथमिक शाळेत डिसेंबरमध्ये जे गॅदरिंग होतं, त्याला नाताळचं म्हणायचं नाही. ‘विंटर’ म्हणायचं. नाताळ धार्मिक असतो, थंडी नसते. न्यू जर्सीतल्या आमच्या शाळेत या हिवाळी संगीत नाटकाची निवड एक समिती करते आणि यंदा त्या समितीत मी आहे. माझी निवड नाट्यप्रेमामुळे झालेली नाही. सगळ्या प्रकारचे पालक हवेत असं ठरलं होतं आणि माझ्या प्रकारचा कुणी नव्हता.

‘संगीत नाटक’ हे शब्द ऐकताच मराठी माणसाची मान आपोआप ताठ होते. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ केलं, तेव्हापासून आपण या विषयातले जाणकार. पहाटेपर्यंत चालणारे प्रयोग, वन्समोअर, तीच तान पुन्हा. इथे मात्र म्युझिक टीचरनी सुरुवातीलाच सांगितलं, “जास्तीत जास्त तीस मिनिटं.” पुढची अट अशी की नव्वद मुलं आहेत आणि प्रत्येकाला निदान एक वाक्य हवं. प्रयोग जेवणघरात. त्याच्या एका टोकाला रंगमंच आहे, टेबलं घडी करून भिंतीला लावतात आणि पिझ्झाचा वास मात्र पडदा पडेपर्यंत जागा सोडत नाही.

नाटकं विकत मिळतात. कॅटलॉगच असतात त्यांचे. संहिता, वाद्यमेळाचा तयार ट्रॅक, वेशभूषेच्या सूचना, प्रयोगाचा परवाना असं सगळं एका खोक्यात. ब्रॉडवेची मोठमोठी नाटकं कातरून एका तासाची ‘ज्युनियर’ आणि अर्ध्या तासाची ‘किड्स’ आवृत्ती करून देतात. ‘फ्रोझन’चीही आहे. पण तिच्यात एल्सा एक आणि समितीत एल्साच्या आया तीन. त्या बैठकीत बाहेरच्यापेक्षा आत जास्त गारठा होता.

मग ‘नटक्रॅकर’. चायकोव्स्कीचं संगीत, 1892 सालचं, कॉपीराइटची कटकट नाही. पण त्यात सैनिक आणि उंदरांची लढाई आहे आणि शाळेत खेळण्यातलीसुद्धा तलवार आणता येत नाही. सैनिकांच्या हाती फुलं द्यावीत असं कुणीतरी सुचवलं. उंदरांनी मग का हरावं, याचं उत्तर कुणापाशी नव्हतं. डिकन्सचं ‘ख्रिसमस कॅरल’ तर नावातच अडलं. शिवाय त्यात चार भुतं. पहिलीतली मुलं रात्री झोपणार नाहीत म्हणून तेही गेलं. मला वाटतं, स्क्रूजसारख्या कंजूष सावकाराला सगळ्यांसमोर उघडं पाडणं समितीच्या खजिनदारांनाच मानवलं नसावं.

या भित्रेपणाला मी हसणार होतो, पण या राज्याचा इतिहास तसाच आहे. साउथ ऑरेंज आणि मेपलवुड ही जोडगावं इथलीच. 2004 साली तिथल्या शाळामंडळाने डिसेंबरच्या कार्यक्रमांतून धार्मिक गाणी काढली. गायची नाहीतच, नुसती वाजवायचीही नाहीत. एका पालकाने दावा लावला. 2009 मध्ये अपील कोर्टाने मंडळाच्या बाजूने निकाल दिला आणि 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. उलट 1980 साली साउथ डकोटातल्या एका खटल्यात दुसऱ्या अपील कोर्टाने म्हटलं होतं, शिक्षणाचा भाग म्हणून गायली तर धार्मिक गाणी चालतील. म्हणजे गायली तरी बरोबर आणि नाही गायली तरी बरोबर. इतका सुरक्षित निकाल आमच्या सांगलीत फक्त ज्योतिषी देतात.

गंमत अशी की ज्या गाण्यांवरून हे रामायण, त्यांतली कितीतरी ज्यूंनी लिहिलीत. ‘व्हाइट ख्रिसमस’ अर्व्हिंग बर्लिनचं. लाल नाकाच्या रुडॉल्फचं गाणं जॉनी मार्क्सचं. तो रेनडिअरही मूळचा 1939 साली एका डिपार्टमेंट स्टोअरने गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटलेल्या पुस्तकातला. ‘लेट इट स्नो’ तर सॅमी कान आणि ज्यूल स्टाइन यांनी 1945च्या जुलैत, हॉलिवूडच्या रणरणत्या उन्हात रचलं. आणि ‘जिंगल बेल्स’मध्ये नाताळचं नावसुद्धा नाही. ही माहिती मी समितीत दिली. लोकांनी कौतुकाने ऐकली आणि रुडॉल्फ धार्मिक की निधर्मी यावर वीस मिनिटं वाद घातला.

सर्वधर्मसमभावाचा पर्यायही कॅटलॉगात होता. प्रत्येक सणाला एकेक गाणं. हनुका हिब्रू पंचांगाने सरकतो. 2013 साली तो नोव्हेंबरातच सुरू झाला होता. पण नाटकात तो डिसेंबरात बसवलेला. 1966 साली सुरू झालेला क्वान्झा होता. दिवाळीही होती, संपून महिना उलटल्यावरची. नमुन्याचा ट्रॅक लावला, तर सतारीवर भांगडा! सगळे माझ्याकडे वळले. “हे अस्सल आहे का?” काश्मीर ते कन्याकुमारी सगळ्यांच्या वतीने मी म्हणालो, “फराळ कुठाय?” हे त्यांनी इतिवृत्तात लिहून घेतलं. पुढे शेंगदाण्याच्या ॲलर्जीमुळे चिवड्यासकट दिवाळी बाद झाली.

त्या रविवारी आईला फोनवर हे रडगाणं ऐकवलं. ती म्हणाली, “एवढं काय त्यात? अफझलखानाचा वध ठेवा की. आजवर कधी पडलेला नाही.” तिला वाघनखांचा नियम सांगितला. “मग कोळीगीत,” ती म्हणाली. तिच्या शाळेत एवढ्यावर पन्नास वर्षं भागलं होतं.

शेवटी उरला बर्फ. त्याला धर्म नाही, जात नाही, कॉपीराइट नाही. हिमकणांचं एक पंचवीस मिनिटांचं नाटक निघालं. कथा फारशी नाही. ढगातून हिमकण पडतात, जो तो आपली ओळख सांगतो, शेवटी सगळे मिळून गातात. कलादृष्ट्या ते सामान्यच होतं आणि मी तसं म्हणालोही. पण म्युझिक टीचरनी हिशोब मांडला. एल्सा एक, स्क्रूज एक, रुडॉल्फ एक. हिमकण मात्र हवे तेवढे. नव्वद काय, दोनशेही चालतील. बरं, एकासारखा दुसरा नसतो असं म्हणतात. व्हर्माँटच्या विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याने 1885 पासून आयुष्यभर हिमकणांचे फोटो काढून ही समजूत पक्की केली. आपलं मूल बाकीच्या एकोणनव्वदांसारखं नाही, असं समोर बसलेल्या प्रत्येक पालकाला आधीपासून ठाऊक असतंच. त्याला शास्त्राचा दुजोरा मिळाला. एकाही हाताने विरोध केला नाही.

भूमिका वाटल्या, तेव्हा माझी मुलगी हिमकण झाली नाही. तिला बर्फ हटवणारा ट्रक मिळाला. पुठ्ठ्याचं मोठं फावडं लावून यायचं, दोन वाक्यं म्हणायची आणि सगळ्या हिमकणांना विंगेत ढकलायचं. ती बेहद्द खूश. बायको जरा हिरमुसली. आईला फोन केला.

“म्हणजे खलनायक?” आईने विचारलं.

“तसंच म्हण.”

“अरे, मग खानच की! तूही चौथीत खानच होतास, उंचीमुळे. तिला म्हणावं, मरताना कुशीवर पड. गुडघे फुटत नाहीत.”

ती मरत नाही, असं मी सांगितलं. आईला नाटकच पटेना.