फाटकाची कडी

राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन चर्चमधून घरी आलो आणि बायकोला जाहीर केलं, "या वर्षी उपवासकाळात मी मटण सोडणार नाही. मावशींवर प्रेम करणार आहे."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "त्यापेक्षा मटण सोडा. झेपेल तेवढंच करावं माणसानं."

तिचं चुकत नव्हतं. मटण चाळीस दिवस समोर येत नाही. मावशी रोज येतात.

आम्ही राहतो मोऱ्याला. मुंबईकराला मोरा समजावून सांगावं लागतं. भाऊच्या धक्क्यावर लाँच पकडायची, तासाभरानं उतरायचं, ते मोरा. उरणचं बंदर. मोठी ओहोटी असली की गाळामुळे लाँच धक्क्याला लागू शकत नाही, मग काही तास ती बंद. नोकरीच्या साऱ्या वर्षांत मी हा प्रवास केला आणि समुद्रापुढे साहेबाचंही काही चालत नाही हे फार लवकर शिकलो. आता अटल सेतू झाला, उरणपर्यंत लोकलही आली. दोन्ही एकाच दिवशी, १२ जानेवारी २०२४ला. तरी मला लाँचच बरी वाटते. लाँच उशिरा आली तर राग कुणावर काढायचा हा प्रश्न नसतो. चंद्रावर किती रागावणार?

मावशींवर मात्र रागावता येतं.

त्या माझ्या कुणी लागत नाहीत. शेजारीण. त्यांच्या आणि आमच्या आवारात कंबरभर उंचीची एक भिंत आहे. मे महिन्यात त्या भिंतीवर त्यांचा जवळा वाळत पडतो, शेजारी बांबूवर बोंबील. भिंत दोघांची आहे, वास बहुतेक आमच्याच बाजूला येतो. आवाज म्हणाल तर आळीतली पोरं त्यांना 'भोंगामावशी' म्हणतात, कारण लाँच सुटताना जो भोंगा वाजतो त्याच पट्टीत त्या बोलतात. माझ्या फाटकाची कडी हा त्यांचा कायमचा विषय. मी कडी लावायला विसरतो, कुत्रं आत येतं, भिंतीवर चढतं, बोंबील पळवतं. या साखळीतला प्रत्येक दुवा त्यांनी मला इतक्या वेळा समजावलाय की कोर्टात साक्ष द्यायची वेळ आली तर मीच त्यांच्या बाजूनं देईन.

ऑक्टोबर हा आमच्याकडे जपमाळेचा महिना. संध्याकाळी शेजारपाजारची मंडळी एकेका घरी जमतात. जपमाळेत अर्धी प्रार्थना एकानं म्हणायची, उरलेली अर्धी सगळ्यांनी. मावशी ही उरलेली अर्धी अशी काही पळवतात की बाकीचे मध्यावर असताना त्या 'आमेन'ला पोचलेल्या असतात. एका जपमाळेत मरियेची प्रार्थना त्रेपन्न वेळा येते. त्रेपन्न वेळा मावशी पहिल्या येतात.

तर हा निश्चय. मी एक दोनशे पानी वही काढली. पेत्रानं येशूला विचारलं होतं, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणाला, सत्तर वेळा सात. म्हणजे चारशे नव्वद. आता हा आकडा मोजण्यासाठी सांगितलेला नाही, मोजणं सोडून द्यावं म्हणून सांगितलाय, हे कोणीही फादर सांगतील. पण मी आयुष्यभर हिशेबाच्या खात्यात काम केलं. पानाच्या डाव्या बाजूला तारीख, मध्ये अपराध, उजवीकडे 'क्षमा' आणि सही. पहिल्या आठवड्यातच सव्वीस नोंदी झाल्या. या वेगानं ईस्टरपर्यंत माझं दीडशेच्या वर जाणार होतं. मला मोठा हुरूप आला. आपल्या हातून पुण्य होतंय आणि त्याची पावतीही फाटतेय, असं सुख फार थोड्यांना मिळतं.

पैठणला संत एकनाथांच्या अंगावर एक माणूस थुंकत राहिला आणि नाथ दर वेळी गोदावरीत जाऊन आंघोळ करून आले, एकशे आठ वेळा, अशी कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. मला त्यात नेहमी एक शंका यायची. मोजलं कुणी? नाथांनी मोजलं असेल तर ते माझ्याच पंथातले. त्यांनी मोजलं नसणार. बहुधा थुंकणाऱ्यानं मोजलं असेल. किंवा माझ्यासारख्या घाटावर बसून दुसऱ्याच्या सहनशीलतेचा हिशेब ठेवणाऱ्या एखाद्या कारकुनानं.

त्या उपवासकाळात मी कन्फेशनलाही गेलो. इतर किरकोळ पापं उरकून मावशींवर आलो. फादरनी शांतपणे विचारलं, "त्यांच्यासाठी प्रार्थना करता का?"

"रोज करतो फादर. देवा, त्यांना चांगली बुद्धी दे."

"ही त्यांच्यासाठी नाही झाली. ही तुमच्यासाठी झाली. त्यांना जे हवंय ते मागून पाहा."

त्यांना काय हवंय? गुडघे दुखेपर्यंत विचार केला तेव्हा आठवलं ते एवढंच: कडी. आता देवापुढे हात जोडून 'माझ्या फाटकाची कडी नीट लागो' असं मागायचं म्हणजे कमालच. ते काम मला स्वतःलाच करता येण्यासारखं होतं, हा त्यातला दुसरा अवघडपणा.

या बाबतीत मला सगळ्यात जवळची वाटते ती लिझ्यूची संत तेरेजा, जिला आपल्याकडे 'लिटल फ्लॉवर' म्हणतात. पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली आणि १८९७ साली चोविसाव्या वर्षी क्षयानं वारली. ना कुठे मिशनवर गेली, ना शाळा काढली, ना दवाखाना. मठातल्या वरिष्ठांनी सांगितलं म्हणून आपली कहाणी लिहिली, तीही वह्यांतच. तिच्या वह्यांत पुण्याचा जमाखर्च नाही, हा आमच्यातला फरक. आहेत ते मठातल्या रोजच्या जगण्यातले बारके छळ. कपडे धुताना समोरची एक जोगीण मळकं पाणी तोंडावर उडवायची. ध्यानाच्या वेळी मागे बसणारी दुसरी एक कसलासा आवाज करत राहायची. तेरेजानं त्या आवाजाचं वर्णन केलंय ते दोन शिंपले एकमेकांवर घासल्यासारखा असं. हे वाचलं तेव्हा मी मोऱ्यातल्या माझ्या घराच्या ओट्यावर होतो आणि खाली कोळीवाड्यात कुणीतरी खरोखरच तिसऱ्या धूत होतं. त्या आवाजानं तेरेजाला घाम फुटायचा. मागे वळून एक कटाक्ष टाकला असता तर आवाज थांबला असता, पण तसं न करता तिनं तो आवाज एखादं सुरेल संगीत असावं तसा लक्ष देऊन ऐकायचं ठरवलं.

आणखी एक जोगीण होती, जिचं सगळंच तिला खटकायचं. तेरेजा तिच्यासाठी प्रार्थना करायची, तिला पाहून हसायची, आणि अगदीच तोंडून काही निघेल असं वाटलं की तिथून सरळ पळ काढायची, रणातून सैनिक पळतो तशी. एके दिवशी त्याच जोगिणीनं खुश होऊन तिला विचारलं, माझ्यात तुला एवढं काय आवडतं गं? संतांच्या चरित्रांतला हा मला सगळ्यात विनोदी प्रसंग वाटतो. चर्चनं पुढे तिला संत केलं, १९९७ साली धर्माचार्य ही पदवीही दिली. पण मला खरा दिलासा दिला तो तिच्या पळून जाण्यानं. मावशींचा आवाज आला की मागच्या दारानं विहिरीकडे जाण्याला मी इतकी वर्षं भ्याडपणा समजत होतो.

आमच्या धर्मात दयेची चौदा कृत्यं सांगितली आहेत. भुकेल्याला अन्न देणं, आजाऱ्याची विचारपूस ही तुम्हाला ठाऊक असतील. त्यातलंच एक आहे त्रासदायक माणसांना धीरानं सहन करणं. म्हणजे ही अडचण इतकी जुनी आणि इतकी सार्वत्रिक आहे की तिला अधिकृत यादीत जागा द्यावी लागली. नोव्हेंबर २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या कृत्यावर बोलताना एक वेगळीच सूचना केली होती. आपण स्वतः दुसऱ्याला त्रासदायक होत असू का, हेही मधूनमधून तपासावं. मी हे बायकोला वाचून दाखवलं. ती फार वेळ काही बोलली नाही. मग उठून चहा करायला गेली. विषय तिथेच थांबला आणि मीही तो पुढे रेटला नाही.

इथे खरं तर मावशींचं एखादं खोल दुःख सांगायला हवं. म्हणजे त्या तशा का वागतात ते कळेल, वाचकाचे डोळे पाणावतील आणि माझं काम सोपं होईल. पण तसं काही नाही. तब्येत ठणठणीत, मुलगा गुणी, सून त्याहून गुणी, पेन्शन महिन्याच्या महिन्याला. त्या अशाच आहेत. काही माणसं अशीच असतात, आणि त्यांच्यावर प्रेम करायचं तर हाताशी कुठलंही कारण नसताना करावं लागतं. थॉमस अक्वायनस हे तेराव्या शतकातले पंडित सांगून गेले की प्रेम करणं म्हणजे दुसऱ्याचं भलं व्हावं असं मनापासून इच्छिणं. त्यात आवडण्याचा उल्लेख नाही. आपल्या ज्ञानोबांनीही पसायदानात दुष्टांचा नायनाट मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा तेवढा जावा म्हटलं. मावशींना खळ म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांच्यात वाकडं काही नाहीच, सगळं सरळ आणि मोठ्यानं.

आपल्या मराठीत हा विषय जगून दाखवलेलं माणूस म्हणून मला वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवतात. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक राहिलेले, सबंध बायबल सोप्या मराठीत आणणारे. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा एका धर्मगुरूला हे पद का म्हणून विरोध झाला. जानेवारी २०२०ला ते पाठीच्या दुखण्यामुळे चाकाच्या खुर्चीतून संमेलनाला आले आणि आपल्याला जे म्हणायचं ते म्हणाले. विरोधकांना किती वेळा क्षमा केली याची वही त्यांनी ठेवली असेल असं वाटत नाही.

माझी वही बंद पडली ती मे महिन्यात. ईस्टर होऊन गेला होता, पण आकडा दोनशेच्या पुढे गेल्यानं मी नोंदी चालूच ठेवल्या होत्या. त्या दिवशी मावशी लाँचनं मुंबईला गेल्या होत्या, डोळे तपासायला. दुपारी अचानक आभाळ भरून आलं. भिंतीवर त्यांचा जवळा. मी धावलो. चादर, सूप, जुनी वर्तमानपत्रं, जे हाताला लागलं त्यात भरून सगळा जवळा आमच्या पडवीत आणला. बोंबील काढले. स्वतः चिंब भिजलो. दोन दिवस अंगाला वास येत राहिला. पण मनात कसं सांगू, नुसता प्रकाश पडला होता. संध्याकाळी मावशी येतील, गहिवरतील, आणि मी म्हणेन, अहो त्यात काय एवढं. हे वाक्य मी दोनदा म्हणूनही पाहिलं.

ओहोटीमुळे लाँच रखडली. मावशी आल्या रात्री नऊला. पडवीत येऊन त्यांनी चादर उघडली, जवळा मुठीत घेतला, वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "पावशेर कमी आहे."

मी उभा.

"आणि हा कागदावर का ठेवलास? शाई लागते."

त्या रात्री वहीत काय लिहावं तेच कळेना. अपराधाच्या रकान्यात लिहायला गेलो, तर अपराध माझ्या 'त्यात काय एवढं'ला गिऱ्हाईक न मिळाल्याचा होता. मदत त्यांना केली होती आणि बिल स्वतःच्या नावानं फाडलं होतं. दोनशे अठरा नोंदी चाळल्या. क्षमा, सही, क्षमा, सही. सह्या मात्र सुरेख होत्या. पुढे त्या वहीची कोरी पानं बायकोनं दूधवाल्याच्या हिशेबाला वापरली आणि तो हिशेब आजतागायत बरोबर लागतो.

असं नव्हे की त्यानंतर मी बदललो. मावशी तर नाहीच बदलल्या. ख्रिसमसला त्या फुगे तळतात. ताट आमच्याकडे येतं, वर रुमाल, सोबत निरोप: तुझ्या बायकोचे मागच्या वर्षी दडस झाले होते, हे बघून घे म्हणावं. फुगे उत्तम असतात. बायको तोंड फुगवून चार खाते.

राहता राहिला रविवार. येशूनं आणखी एक अवघड गोष्ट सांगून ठेवली आहे. वेदीपुढे अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे सगळ्यांनी शब्दशः पाळलं तर अर्ध्या मिस्साला उरणचं चर्च रिकामं होईल आणि बाहेर रिक्षांना रांग लागेल. म्हणूनच की काय, मिस्सातच सोय करून ठेवली आहे. कम्युनियनच्या आधी सगळ्यांनी शेजाऱ्याला शांती द्यायची. १९६९ साली रोमनं भारतातल्या उपासनेसाठी जे बारा बदल मंजूर केले, त्यात ही शांती हात जोडून देण्याची मुभा आहे. मला हे हस्तांदोलनापेक्षा सोयीचं वाटतं. हात जोडताना डोळे खाली घालता येतात.

मावशी नेहमी आमच्या पुढच्या बाकावर असतात. गेल्या रविवारी फादर म्हणाले, एकमेकांना शांती द्या. मावशी वळल्या. मी हात जोडले. त्यांनीही जोडले. चेहरा अगदी सौम्य, वेदीवरच्या मेणबत्त्यांचा उजेड चष्म्यावर. त्या किंचित पुढे झुकल्या आणि त्यांच्या मानानं फारच हळू, म्हणजे फक्त चार बाकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, म्हणाल्या,

"कडी लावलीस का रे?"

लावली नव्हती.