जडसंग्रह

मामा निवृत्त झाले तेव्हा घरात एकच धास्ती होती, की आता घराचं ऑडिट सुरू होणार. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या खर्चाकडे संशयानं पाहण्यात गेलेला माणूस. पहिल्याच महिन्यात त्यांनी दूधवाल्याच्या कार्डावर चार आक्षेप काढले. दूधवाल्यानं रतीब सोडला. दुसऱ्या महिन्यात किराण्याच्या यादीला हात घातला, तेव्हा मामींनी मुलाला पुण्याला फोन लावला. "यांच्यासाठी काहीतरी पाह्य रे बापा, नाही तर मी आश्रमात जाते." मुलानं यूट्यूब कसं पाहायचं ते शिकवलं. त्यात एक जपानी म्हातारा एकही खिळा न मारता लाकडाला लाकूड जोडत होता. मामांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला, चौथ्यांदा थांबवून थांबवून पाहिला आणि म्हणाले, "खिळ्यांचा खर्च शून्य!"

तिथून हे सुरू झालं.

असा माणूस नागपुरात लेआउटमागे एक तरी निघतोच. प्रतापनगर घ्या, नंदनवन घ्या, त्रिमूर्तीनगर घ्या. दुपारी तीन वाजता सगळा लेआउट पडदे ओढून निजलेला असतो आणि कुठल्या तरी घरामागून खर्र-खर्र आवाज येतो, तो हाच. ओळखायला सोपा. चष्म्यावर भुसा, एका बोटाला पट्टी (दर भेटीत बोट वेगळं) आणि कानावर पेन्सिल. खरा मिस्त्री काम संपलं की पेन्सिल खिशात टाकतो. आमचे मामा लग्नाच्या पंगतीतही कानावर पेन्सिल घेऊन बसतात, आणि वाढपी जिलबी घेऊन आला तरी यांचं लक्ष मांडवाच्या खांबाकडे. "साल आहे. शंभर टक्के साल."

घरामागे टिनाचा शेड होता. उन्हाळा संपला की कूलर तिथे जायचा. आता तिथे रंधे, पटाशा, कानशी, गिरमिट आणि सहा शिकंजे राहतात, आणि कूलर बारा महिने बैठकीत, मामींची जुनी साडी पांघरून. शेडमधली दुपार म्हणजे काय ते नागपूरबाहेरच्याला सांगून कळायचं नाही. 23 मे 2013 ला इथे पारा 47.9 वर गेला होता. टिनाखाली त्यात किती मिळवायचे ते ज्यानं त्यानं ठरवावं. मामा तिथे बनियनवर, डोक्याला ओला दुपट्टा बांधून, सागवानाची फळी रंधत असतात. त्यांना ऊन लागत नाही. घाम फळीवर पडला तर मात्र लागतो, डाग राहतो म्हणून.

एका मे महिन्यात त्यांना वाटलं की रंध्याच्या इतक्या सुरेख ढलप्या फेकायच्या कशा? कूलरच्या ताट्यांत भरू. मामी मंगळवारच्या भजनाला गेल्या होत्या, म्हणून हा प्रस्ताव बिनविरोध मंजूर झाला. संध्याकाळी कूलर लावला. पहिली दहा मिनिटं घरात आलापल्लीच्या जंगलाचा वास. मग टाकीतलं पाणी चहासारखं झालं. मग पंख्यानं तो चहा बैठकीच्या पांढऱ्या भिंतीवर बारीक शिंपडायला घेतला. सागवान पाण्यात रंग सोडतो, हे जपानी म्हाताऱ्यानं सांगितलं नव्हतं. भिंत अजून तशीच आहे. पाहुण्यांना मामा सांगतात, "टेक्श्चर केलं आहे."

तसं पाहिलं तर नागपूरकराला लाकडाचं वेड लागायला निमित्त लागत नाही. गावात लकडगंज नावाची अख्खी वस्ती आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान म्हटलं की आम्ही ते स्वतः उगवल्यासारखे बोलतो. 2023 साली अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान रवाना झालं. तेव्हापासून मामांच्या बोलण्यातला सूरच बदलला. "रामाचे दरवाजे आणि ताईचा मसाल्याचा डबा, एकाच जंगलातले न!" लकडगंजमध्ये सागवान घनफुटावर विकतात आणि भाव हजारांत सांगतात. मामा घेतात ते आरा मशीनवरचे उरलेले तुकडे, वजनावर. डब्याचा खर्च त्यांनी काढून दाखवला, सहाशे चाळीस रुपये. मी भीत भीत विचारलं, "आणि रंधे, ड्रिल मशीन, शिकंजे?"

"तो भांडवली खर्च," मामा म्हणाले. "तो यात धरत नसतात."

त्या डब्याचीही एक कथा आहे. ताई म्हणजे मामांची मोठी मुलगी, मनीषनगरला राहते. तिच्यासाठी भर वैशाखात हा सरकत्या झाकणाचा डबा झाला. झाकण असं बेतलेलं की मुंगीला श्वास घ्यायला जागा नाही. सगळ्यांनी सरकवून पाहिलं, वाहवा केली. जूनच्या शेवटी पाऊस लागला आणि झाकण बसलं ते बसलं. हळद, तिखट, जिरं, मोहरी सगळे आत नजरकैदेत. आषाढ आणि श्रावण ताईनं शेजारून हळद मागून काढले. अखेर एक खरा मिस्त्री आणला. त्यानं डबा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, झाकणावरून अंगठा फिरवला आणि मामांचं वय पाहून नरमाईनं बोलला, "फिनिशिंग बढिया है साहब. बस एक सूत ढीला रखना था." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लाकूड लांबीला फुगत नाही, रुंदीला फुगतं. उन्हात आक्रसतं, पावसात सुटतं. मिस्त्री लोक हे शिकत नाहीत, त्यांच्या बापाच्या हातातून ते त्यांच्या हातात येतं. मामांनी मात्र त्याची रीतसर नोंद केली: "पावसाळ्यात बंद. हिवाळ्यात पूर्ववत सुरू." वाचून मला घाटातल्या रस्त्याची आठवण झाली.

नोंद केली म्हणजे कुठे केली, ते सांगायचं राहिलं. आणि खरं तर सांगायचं आहे ते त्याच वहीबद्दल.

आपल्याकडे भेटवस्तू थांबत नाही. लेमन सेट, भिंतीवरचं घड्याळ, शर्टपीस, ब्लाउजपीस हे कोणाचेच नसतात. ते एका घरात उतरतात, कपाटात विसावा घेतात आणि पुढच्या लग्नाला निघतात. आमच्या घरून गेलेला लेमन सेट आठ वर्षांनी आमच्याचकडे आला तेव्हा त्याच्यावर घरच्या लेकरासारखी माया वाटली. या सुरळीत चाललेल्या व्यवहारात मामांच्या वस्तूनं खीळ घातली. ती पुढे ढकलता येत नाही, कारण खाली घेणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. टाकता येत नाही, कारण सागवान आहे. आणि विसरताही येत नाही, कारण मामांकडे जडसंग्रह नोंदवही आहे. सरकारी कचेरीत खुर्च्या-टेबलांची असते तशीच. लाल कापडी पुठ्ठा, रकाने आखलेले: अनुक्रमांक, वस्तू, कोणाला दिली, दिनांक, स्थिती, शेरा. वस्तूच्या बुडाला तोच क्रमांक.

आणि वर्षातून एकदा प्रत्यक्ष पडताळणी.

भाऊबीज झाली की मामा निघतात. आदल्या रात्री फोन येतो, "उद्या येऊन राहिलो." त्या फोननंतर माळ्यावरून वस्तू खाली येतात. आमच्याकडे क्रमांक 14 आहे, पुस्तकांचा टेकू. मी लिहितो म्हणून मला टेकू. तो इतका वजनदार आहे की पहिल्याच आठवड्यात फळी वाकली आणि टेकूला खालून टेकू द्यावा लागला. एरवी तो माळ्यावर असतो, पडताळणीच्या दिवशी त्याच्यापुढे सहा पुस्तकं उभी करून बायको म्हणते, "आता हात लावू नका हं कोणी." धाकट्या मावशीच्या घराला "आनंद" अशी सागवानी पाटी आहे. अक्षरं एकसंध, अनुस्वार मात्र वेगळा चिकटवलेला. तो पहिल्याच उन्हाळ्यात उडाला. पोस्टमन वर्षभर "आनद" वाचून पत्र टाकतो. मामा येणार म्हटलं की मावशी त्या जागी टिकली लावते.

मामा प्रत्येक घरी चष्मा चढवतात, वस्तू उलटी करून क्रमांक पाहतात आणि "स्थिती"च्या रकान्यात लिहितात, "सुस्थितीत." आम्ही श्वास सोडतो, चहा येतो.

फक्त माझ्या मावसभावानं क्रमांक 9, जेवायचा पाट, कामवाल्या बाईंना देऊन टाकला होता. त्याच्यावर आभाळ कोसळलं. सकाळी सातला तो बाईंच्या घरी धावला. त्या म्हणाल्या, "नेता तर न्या, पण संध्याकाळी आणून द्या दादा. माझं बसणं त्याच्यावरच आहे." पाट आला. मामांनी उलटा केला, क्रमांक जुळला. सुलटा केला तर कडा गुळगुळीत झालेल्या, मधोमध पॉलिश गेलेली, एका कोपऱ्यावर आंब्याच्या रसाचा डाग. भाऊ घामाघूम. मामा बराच वेळ त्या डागावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही लोक वापरून राहिले वाटते!" आणि त्याला शंभराची नोट दिली. तेव्हापासून ते त्याचं उदाहरण देतात आणि आम्ही ऐकतो.

मामांच्या नातवाच्या, म्हणजे ताईच्या मुलाच्या, बैलाचं सांगतो आणि थांबतो.

नागपुरात बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. खऱ्या बैलांचा मान आदल्या दिवशी होऊन जातो. हा पोळा लेकरांचा आणि लाकडी बैलांचा. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 मध्ये तो सुरू केला असं सांगतात. वर्ध्याकडे सिंदी रेल्वेला तर नंदी एवढाले असतात की ढकलायला माणसं लागतात. इकडे गल्लीत पोरं धोतर-फेटा करून, चाकांच्या बैलाच्या नाकात दोरी घालून दारोदार जातात, बैलाची पूजा होते, हातावर बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, पडतो. त्याच दिवशी तिकडे इतवारी-महालात मारबतीची मिरवणूक निघालेली असते, म्हणजे मोठ्यांचाही वेळ बरा जातो. पुण्याच्या मुलाला हे सगळं सुनेला समजावून सांगताना दरवर्षी घाम फुटतो.

पहिल्या वर्षी मामांनी उभा बैल घडवला, सागवानाचा. एक पाय आखूड झाला, म्हणून बाकीचे तीन जरा घासले. मग चौथा लांब झाला. हे पोळ्याच्या आदल्या रात्री अकरापर्यंत चाललं. सकाळी बैल बसलेला होता. मामा म्हणाले, "हा नंदी आहे." नातवानं दोरी ओढून पाहिली, नंदी हलला नाही. पोरगा जमिनीवर लोळला. शेवटी मामींनी नंदी उचलून देवघरात पिंडीपुढे ठेवला आणि हळदकुंकू वाहिलं, त्यामुळे आता त्याला कोणीच हलवू शकत नाही. शेरा: "प्रयोजन बदलले."

पुढच्या वर्षी मामा आधी मिस्त्रीकडे गेले. हे मला मामींनी हळूच सांगितलं. मामा विचारायला जातात ही बातमीच होती. मिस्त्री म्हणाला, सागवान सोडा, शिवण घ्या. हलकं आहे, कोरायला मऊ, वाकत नाही. दोन महिने मामा शेडमध्ये होते. बैल निघाला तो खरंच देखणा. वशिंड भरलेलं, मान किंचित वळलेली, जणू मागून कोणी हाक मारली आहे. चार चाकं, प्रत्येक चाकाला एक सूत ढील. शिंगं वेगळी घडवून भोकात बसवलेली, खिळा नाही. क्रमांक 27.

तान्ह्या पोळ्याला तो बैल घेऊन नातू लेआउटच्या मैदानावर गेला आणि तासाभरानं परत आला तेव्हा बैलाला एकच शिंग होतं. ताईचा चेहरा उतरला. "बाबांना सांगू नका. मी फेव्हिकॉल लावते." पण पोरगं सरळ शेडमध्ये गेलं.

"आबाजी, शिंग मोडलं."

"काऊन रे?"

"टक्कर लावली."

"कोणाशी?"

"दुकानातल्या बैलाशी."

मामांनी पटाशी खाली ठेवली. "मग?"

"त्याची मानच गेली."

मामा उठले, हात बनियनला पुसले, आत येऊन कपाटातून लाल वही काढली. सव्वीस ओळींत "सुस्थितीत, सुस्थितीत" लिहिलेलं होतं. क्रमांक 27 पुढचा रकाना कोरा. त्यांनी शाईचं पेन झटकलं आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, "वापरात मोडले." खाली सही केली, तारीख टाकली. मग तेवढी ओळ मामींना वाचून दाखवली, ताईला दाखवली, आणि मी नुकताच दारात चपला काढत होतो, तर मलाही बोलावून दाखवली. पोराला वर पन्नास रुपये बोजारा दिला.

"चाल," ते नातवाला म्हणाले, "या वेळी शिसमाचं लावू."

शेडमधून करवतीचा आवाज आला तशी मामींनी दोरीवरचे वाळत घातलेले कपडे काढायला घेतले.